निळे दाणे

नवी पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. शौनक यास आईचे आशीर्वाद.

शनिवारी तुझ्या लॅबमधून दोन खोकी आली. वह्या सात, त्यांतल्या एकीचा पुठ्ठा सुटलेला. अकीकाचा खल आणि बत्ता. चिनीमातीच्या पांढऱ्या मुशी अकरा, दोन तडकलेल्या. तुझा पांढरा कोट. घट्ट झाकणाची काचेची बरणी एक, तोंडाला चौकशीवेळचं लाखेचं सील. टेम्पोचे साडेतीनशे पडले. खोकी लॅबमधल्या नागोरावांनी स्वतः जिन्याने वर आणली. त्याचे मी शंभर देत होते, ते घेतले नाहीत, मग पोहे केले. खाता खाता म्हणाले, "वैनी, शौनकभाऊ गेले तशी ती भट्टी नुसती तापते. जीव लावून बसणारं कोणी नाही तिथं."

सुनीतीमॅडम मार्चअखेर निवृत्त होतायत, म्हणून खोली रिकामी करायला घेतली आहे. तुझ्या गाईड म्हणून त्यांनी सामान फेकलं नाही, घरी पाठवलं, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवतोस. मोरबीचा पत्ता शर्मिलामावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागले होते. तिथेही भट्टीवरच आहेस म्हणे, फरशांच्या. जेवणाचं काय करतोस ते तिला माहीत नव्हतं.

दुसरं असं की पाडव्याला बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं आता बरंचसं सुधारलंय, हात नाही. तुला कळवू नको असं त्यांनी सांगितलं नव्हतं. मीच कळवलं नाही. तू आला नसतास तर त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता.

कोट धुऊन इस्त्री करून ठेवला आहे. बरणी मी उघडलेली नाही. तिचं काय करायचं?

तुझी
आई


५ डिसेंबर २०२४

चि. शौनक यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. टपालाचा दोष असेल असं मी धरून चालते.

बरणी उघडली नाही असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खरं नव्हतं. नागोराव जिना उतरत होते तेव्हाच मी सील तोडलं. आत चकती राहिलेली नाही, कपच्या आहेत. काही काळ्या, काही हिरवट, सगळ्यांवर पांढरी बुरशी चढावी तसं काहीतरी. आणि खालचे दाणे पार गुलाबी. माझा हात आपोआप कढईकडे गेला होता. मग म्हटलं, आता कोणासाठी?

तुला आठवतं का, लॅबमधला ओव्हन मोकळा नसला की तू ते सिलिका जेलचे दाणे पिशवीत घालून घरी आणायचास, आणि मी ते लोखंडी कढईत मंद आचेवर परतायची. गुलाबी म्हणजे पाणी प्यायलेले, निळे झाले की कोरडे. रव्यासारखं सतत हलवत राहावं लागतं, नाहीतर जळतात. माझ्या मॅट्रिकच्या शिक्षणात तुझ्या कामाचा एवढाच भाग मला येत होता, आणि तो मी चोख करायची. त्या कढईत पुन्हा कधी भाजी केली नाही.

आता बाबांचं. दिवसभर पडून असतात. पेपर वाचून दाखवला की म्हणतात, यात नवीन काय? गेल्या आठवड्यात खोक्यांकडे बघून म्हणाले, त्या वह्या वाच. मला वाटलं, आजारपणातली लहर. पण रोज दुपारी दोन तास मी वाचतेय आणि ते डोळे मिटून ऐकतायत. निम्मे शब्द मला उच्चारता येत नाहीत. पण आकडे येतात, आणि त्यांना आकडेच हवे असतात. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे आकडेच तर तपासले.

ऐकून ऐकून मलाही कळायला लागलंय. तीन पावडरी, दोन पांढऱ्या आणि तांब्याची काळी. खलात चार तास. मग नऊशे तीस अंशांवर भाजायची, पुन्हा कुटायची, पुन्हा भाजायची, दाबून चकती करायची. आणि शेवटी ऑक्सिजनची धार सोडून भट्टीची आच दोन दिवस हळूहळू उतरवायची. त्या दोन दिवसांत चकती पोटभर ऑक्सिजन पिते, तोच तिचा गुण, मग थंडगार केली की तिच्यातून वीज काहीच अडथळा न होता वाहते. घाई केली तर दिसायला तशीच काळी, पण अंगात काही नाही. हे तू मला स्वयंपाकघरात उभा राहून सांगायचास तेव्हा माझं लक्ष निम्मं कुकरच्या शिट्यांकडे असायचं.

चौथ्या वहीत एक पान आहे. तू लिहिलंयस, 'बसची वेळ गाठायला भट्टी लवकर बंद केली. चूक माझी. चकती वाया.' बाबा म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग विचारलं, खाडाखोड आहे का? मी म्हटलं, तीन ठिकाणी आहे, पण प्रत्येक खाडाखोडीशेजारी त्याची सही आणि तारीख आहे. ऐकून त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, झोप लागली.

मग म्हणाले, "खोटं मोजणारा माणूस वाया गेलेली चकती लिहून ठेवत नाही."

शौनक, हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही, भिंतीकडे बघून म्हटलं. दोन वर्षांपूर्वी त्या बाहेरगावच्या लॅबने तुझी चकती मोजून कळवलं, की तुम्ही म्हणता तसा इतरांच्या तिप्पट करंट तर सोडाच, ही चकती करंटच वाहून नेत नाही. मग विद्यापीठाच्या समितीने चौकशी संपेपर्यंत तुला भट्टीला हात लावायची बंदी केली. त्या संध्याकाळी ह्याच खोलीत बाबा तुला म्हणाले होते, खोटं मोजणारा माझा मुलगा नाही. तू चपला घालून गेलास. तेव्हाही ते तुझ्याकडे न बघता, भिंतीकडेच बघत होते.

त्यांना आता तुझ्याशी बोलायचं आहे. तसं म्हणत नाहीत. पण काल मला विचारलं, मोरबीला थंडी असते का.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा मांडली आहे. आणखीही लिहायचं होतं, पण नैवेद्य व्हायचा आहे.

आई


१५ जानेवारी २०२५

शौनक,

हे पत्र तू एकटा असताना वाच.

सहावी वही शनिवारी संपली. शेवटून चौथ्या पानावर तुझ्या अक्षरात आहे: 'चकती क्रमांक ४१. लॅबमध्ये पावसाळी ओल, म्हणून घरी हलवली. आईचं कपाट. किल्ली आईकडे. २५ जुलै २०२२.' मी हे वाक्य गाळून पुढे गेले. बाबा म्हणाले, "क्रमांक चाळीस झाला. एक्केचाळीस कुठे आहे?" चौतीस वर्षं तपासणीत काढलेला माणूस, त्याच्यापुढे ओळ गाळून काय उपयोग? वाचली.

"तो इंदूरला किती दिवस होता?"

मी म्हटलं, सहा आठवडे.

"आणि किल्ली तुझ्याकडे."

मी हो म्हटलं.  त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी तिथेच खाली बसले आणि सांगितलं. आता तुला सांगते.

तू थर्मासमधून तो थंडगार नायट्रोजन आणून आम्हाला चकती दाखवली होतीस, तो दिवस मी विसरले नाही. चकतीवर लोहचुंबकाचा एवढासा तुकडा ठेवलास आणि तो अधांतरी उभा राहिला. बाबांना वाटलं, दोरा असेल. त्यांनी मधून पोस्टकार्ड फिरवून बघितलं. तुकडा हलला नाही. मी हात जोडले. तू हसलास, म्हणालास, आई, हे केमिस्ट्री आहे. मी म्हटलं, असेल.

तू लॅबच्या कामासाठी इंदूरला गेलास आणि आठवड्यात श्रावण लागला. तुझी स्कॉलरशिप संपत आली होती, त्याच चकतीवर सगळं अवलंबून होतं, तूच तसं सांगून गेला होतास. मी चार सोमवारांचा अभिषेक बोलले. पिंडीवर करायचाच होता. शेजारी ताम्हनात चकती ठेवली. काळी, गोल, गुळगुळीत. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामात आणि तिच्यात मला तरी फरक दिसला नाही. तिला पाणी चालत नाही, हे तू मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतंस. पण मला वाटलं, ते नळाच्या पाण्याचं असेल. देवाच्या पाण्याने कशाचं वाईट होतं?

एक ऑगस्ट. अकरा पळ्या पाणी, वर बेल. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली, मग पुसून बरणीत.

आठ ऑगस्ट. तसंच.

पंधरा ऑगस्ट. बरणीतून काढली तर कडेला पांढरं आलेलं. बोटाला लागलं. मला काय वाटलं सांगू? अंगारा आला. मी ताम्हनापुढे डोकं टेकलं. कोणाला सांगितलं नाही, कारण अशा गोष्टी सांगू नयेत. कागदाच्या पुडीत जपून ठेवला. त्यातलाच तू परत आलास तेव्हा तुझ्या कपाळाला लावला. तू विचारलंस, कुठला? मी म्हटलं, ओंकारेश्वराचा. शौनक, आयुष्यात मी देवाचं नाव घालून बोललेलं ते एकच खोटं.

बावीस ऑगस्ट. पाणी घातलं तर कड मोकळी होऊन ताम्हनात आली. नखाएवढी. तेव्हा कळलं. मी पळी खाली ठेवली आणि तू सांगितलेलं सगळं एकदम आठवलं: पाणी लागलं की बेरियम बाहेर पडतं, हवा खातं, पांढरं होतं. ते तीर्थ मी प्रत्येक सोमवारी तुळशीला घालत होते. तुळस गणपतीपर्यंत वाळून गेली. तुला वाटलं, मुंग्या लागल्या.

चकती पुसून, पांढरं खरवडून काढून, तुटकी बाजू खाली करून ठेवली. बरणी होती तशी करून ठेवली. तू आलास, काचेतून बघितलंस, आणि हवा लागू नये म्हणून झाकण न उघडताच ती तपासायला त्या बाहेरगावच्या लॅबला पाठवून दिलीस. तुला आतली चकती बघायला सांगावं, असं दोन दिवस रोज सकाळी ठरवत होते. तिसऱ्या दिवशी पार्सल गेलं.

बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी पाजायला गेले की तोंड उघडायचे, एवढंच. काल संक्रांत. तिळगूळ दिला, तो हातात धरून राहिले. मग म्हणाले, "मी त्याला बोललो तेव्हा तू दारात उभी होतीस."

मी म्हटलं, हो.

"ऐकत होतीस."

"हो."

 तेव्हा का गप्प राहिलीस असं त्यांनी विचारलं असतं, तर तुझ्या आणि त्यांच्या, दोघांच्याही नजरेतून उतरायला घाबरले असं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, तारखा घालून लिहून दे. मी लिहिलं. डाव्या हाताने त्यांनी खाली सही केली, अर्धा तास लागला. म्हणाले, हे मॅडमना द्यायचं, पण आधी शौनकला विचार. त्याचं नाव आहे, त्याला न विचारता परस्पर काही करू नकोस.

म्हणून विचारतेय. देऊ का?

आई


१४ फेब्रुवारी २०२५

चि. शौनक यास आशीर्वाद.

तू वैकुंठ स्मशानभूमीत आलास, बाबांना अग्नी दिलास, दहाव्याला घाटावर आलास, आणि मधले सगळे दिवस मित्राकडे, अभिनवकडे राहिलास. घरी आला नाहीस. लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याला सुट्टी नाही. घाटावर मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. माझं पत्र पोचलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. तू टॉवेल पिळत होतास. हिंमत झाली नाही. तुझा चेहरा बघून मला सांगता येईना की तुला कळलंय म्हणून तू बोलत नाहीस, की कळलेलं नाही म्हणून. हे मी आई असून सांगते.

बाबा गेले त्या सकाळी शुद्धीवर होते. वहीचं शेवटचं पान पुन्हा वाचायला सांगितलं. ऐकलं. चहा नको म्हणाले. तासाभराने गेले. तुझ्यासाठी काही निरोप ठेवला का, असं तू कधी विचारशील, तर खरं सांगते, शब्दांत नाही ठेवला. ती सही तेवढी आहे.

तुझ्या उत्तराची वाट न बघता मी परवा, तेरावं उरकल्यावर, मॅडमना भेटून आले. बाबांनी परस्पर जाऊ नकोस म्हटलं होतं, ते मी मोडलं. पण मार्च संपला की मॅडम नाहीत, आणि नवीन माणूस माझं कशाला ऐकेल? पन्नास वर्षांत विद्यापीठाच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले. नागोराव बसथांब्यावर घ्यायला आले होते.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. अभिषेकाचं वाचून हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पण दाणे निळे होते."

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, बरणी होती तशी करून ठेवली. 'तशी' म्हणजे कशी, ते लिहिलं नाही. बाबांना दिलेल्या कागदातही लिहिलं नाही. बाबा ते न कळताच गेले. चौथ्या सोमवारी बरणीतले दाणे सगळे गुलाबी होते. मी ते कढईत ओतले, परतले, रव्यासारखे हलवले, एकही जळू दिला नाही. छान निळे झाले. चकती माझ्या अज्ञानाने गेली. दाणे मी समजून उमजून भाजले.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी मला तुझ्या चौकशीत काय झालं ते सांगितलं, ते तू आम्हाला कधी बोलला नव्हतास. त्या दुसऱ्या लॅबने लिहिलं होतं, चकतीला पाणी लागलेलं दिसतं. समितीने तुला तेच विचारलं. तू म्हणालास, शक्य नाही, बरणी आईच्या कपाटात होती, आणि दाणे निळे होते. त्यावर ते म्हणाले, पाणी लागलेलं नाही तर मग ही ती चकतीच नाही, किंवा तशी चकती कधी नव्हतीच. तुला फक्त म्हणायचं होतं, लागलं असेल पाणी. लोक नवीन चकती मागून मोकळे झाले असते. तू माझ्या कपाटाची ग्वाही देत राहिलास.

"ते दाणे गुलाबी असते ना, तर शौनकने ती पाठवलीच नसती," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मला बरं वाटलं असतं चढवला असता तर.

आता कामाचं. मॅडम माझा कागद समितीला देणार आहेत. दाण्यांचं मी त्यांच्यासमोरच खाली लिहून पुन्हा सही केली. पण त्या म्हणाल्या, कागदाने फार तर संशय जाईल, चकती परत येणार नाही. ती नव्याने करून मोजावी लागेल, आणि तुझ्या वहीतली कृती असली तरी हात तुझाच लागेल, कारण भट्टी कशी उतरवायची ते तू आकड्यांत लिहिलंयस तेवढंच नाही, काही तू नुसतं बघून करायचास. भट्टी त्यांनी तीन मार्चपासून तीन आठवडे तुझ्या नावाने धरून ठेवली आहे. ऑक्सिजनचं सिलिंडर मागवतायत. जमेल किंवा जमणारही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. चाळीस चकत्यांनंतर एक्केचाळिसावी जमली होती. पण करून बघायची मुभा तुला मिळायला हवी होती, ती कोणीतरी तुझ्याकडून काढून घेतली, असं म्हणाल्या. कोणी ते दोघींनाही माहीत होतं.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि ह्या दोन्हींचं ओझं तुझ्यावर कशाला? वह्या, खल, मुशी सगळं पुसून एका खोक्यात घातलं आहे. तडकलेल्या दोन मुशी वेगळ्या ठेवल्या आहेत.

तीन आठवडे राहायचं तर अभिनवकडे तुझी अडचण होईल, त्याचं घर दीड खोलीचं. इथे तुझी खोली आहे, लॅबला थेट बस आहे. मी घरात असणं तुला जड जाणार, हे मला कळतं. मी शर्मिलाला विचारलं आहे. तिच्याकडे नाशिकला जाऊन राहीन, तू काम उरकून परत जाईपर्यंत. देव्हाऱ्यातले देव सोबत नेते, म्हणजे घरात तुला दिव्याचंही काही बघावं लागणार नाही. खालच्या मजल्यावरच्या सलोनीताई डबा देतात, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. तिखट कमी घालायला सांगितलं आहे.

तू येणार असलास, तर मी कोणत्या तारखेला निघू, तेवढंच उलट टपाली कळव.

आई